तीन ठिपक्यांची सायकल

चिडलेल्या माणसाने आधी गार पाणी प्यावं, असं आमची आई म्हणते. त्या दिवशी खडेबाजारात जोतिबाशेठच्या दुकानासमोर पाण्याची कळशी होती, मला तहानही लागली होती. पण ते पाणी मी प्यायले नाही. ते दुसऱ्याच कामाला लागलं.

श्रावणातली रिपरिप चालू होती. लढाईचं पाचवं वर्ष. विलायतेहून नव्या सायकली यायच्या बंद झालेल्या, त्यामुळे जुन्या विकणारे राजे होऊन बसलेले. आणि मला सायकल हवीच होती. सुईणकामाची परीक्षा मी नुकतीच पास झाले होते. खानापूरच्या बाजूच्या, रानाकडेच्या सात गावांसाठी बोर्डाला सुईण हवी होती. जागा मला मिळणार होती, अट एकच : दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उमेदवाराने स्वतःची, चांगल्या कंपनीची सायकल बोर्डाच्या साहेबांना दाखवावी. ते जमलं नाही तर काकांनी निपाणीचा एक तंबाखूवाला बिजवर हेरून ठेवलाच होता. त्याला बायको नकोच होती. वखारीवर नजर ठेवायला बिनपगारी माणूस हवं होतं.

तर समोर होती हंसछाप. हंसछाप म्हणजे सायकलींमधली पैठणी. हँडलाखाली सोनेरी बिल्ला, त्यावर मान वळवून बसलेला हंस. मी 'घेते' म्हणणार, इतक्यात शेजारच्या छपराखालून आवाज आला.

"आक्का, ती घेऊ नका."

तेलकट सदरा, कपाळावर भिजलेले केस, हातात पिळलेली टोपी. अनोळखी पुरुषाने भर बाजारात सल्ला द्यावा, याचा मला आधी राग आला.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कुणी न्हाय. पर मोडंल तवा पडणार तुम्ही."

"परशा, तू गप ऱ्हा," जोतिबाशेठ उसळला. "बाई, अस्सल विलायती पितळ हाय ते. कसं चमकतंय बघा की."

पितळ म्हणाला, तिथेच चुकला. लहानपणापासून मी दुसरं घासलंय काय? आईने आणायला सांगितलेली चिंच पिशवीत होती. मी गोळा काढला, कळशीत बुडवला आणि त्या हंसाला घासायला घेतलं. पितळ चिंचेने उजळतं, हे बेळगावातल्या पाच वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असतं. हा हंस काही उजळेना. त्याचं सोनं माझ्या बोटांना लागलं आणि खाली निघाला पत्रा, रॉकेलच्या डब्याचा असतो तसा.

"हे विलायती पितळ?" मी हात शेठच्या नाकासमोर धरला.

"पावसानं झालं आसंल," शेठ म्हणाला.

सगळी गल्ली हसत होती. तो तेलकट सदऱ्यावाला मात्र हसत नव्हता. तो माझ्या हातातल्या चिंचेकडे पाहत होता... आणि मग माझ्याकडे.

"धा वर्सं लोखंडात हाय मी," तो म्हणाला. "चिंच कवा सुचली न्हाय."

"भांडी घासली असतीत तर सुचली असती."

त्याचं नाव परशराम. अनगोळचा, रेल्वे फाटकापलीकडे त्याची सायकल दुरुस्तीची शेड होती. खरी हंसछाप शोधून देतो म्हणाला, दर रविवारी.

"आणि तुम्हाला काय मिळणार?"

"चिंच तुमची, हातोडी माझी. भागी झाली की."

पाच रविवार आम्ही हिंडलो. परशरामने मला सायकल उलटी करायला शिकवली. पायडलच्या आसाखालचा नंबर पाहायचा : तो रंगाच्या खाली असला तर ठीक, रंग फोडून वर आला असला तर मागाहून ठोकलेला. नळीला नाण्याने वाजवायचं, सांध्यावरून अंगठा फिरवायचा. मी बिल्ले घासायची. काय काय पाहिलं आम्ही! गंज भरलेल्या नळ्यांवर चकचकीत रंग, फुटलेल्या सांध्यात भरलेली लाख, आणि या सगळ्यावर ऐटीत बसलेले हंस. माझ्या डोक्यात तिडीक जायची. अशी सायकल रानात मोडली आणि पुढच्या गावात एखादी पोर कळा देत पडलेली असली, तर? त्या विकणाऱ्याला काय, त्याची बायको माडीवर बाळंत होणार.

"लई तापता तुम्ही," एकदा परशराम म्हणाला. त्याच्या शेडमध्ये मी पाऊस थांबायची वाट पाहत होते.

"तापू नको?"

"तापा की. तापल्यावरच जोड बसतो."

मी समोरच्या गवळ्याच्या सायकलीकडे पाहू लागले. नुकत्याच जोडलेल्या सांध्याच्या पोटाला तीन बारीक ठिपके ठोकलेले होते.

"हे काय?"

"माझी सही. लिवता येतं मला. पर लोखंडावर ठिपकंच बरं." 

त्याने हात पुसायला दिलेल्या फडक्याला तेलाचा वास होता. तो पदराला लागला, आणि घरी गेल्यावर मी ते लुगडं लगेच धुवायला टाकलं नाही. का, ते आईने विचारलं नाही, हे बरं झालं.

पाचव्या रविवारी बदली होऊन चाललेल्या दत्तोपंत कारकुनांची हंसछाप पाहिली. बिल्ला चिंचेने झळझळीत उजळला. नंबर रंगाखाली. परशराम खाली वाकला, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि तसाच बसून राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ही घ्या."

"खरी आहे?"

"मोडणार न्हाय," तो म्हणाला, माझ्याकडे न पाहता.

माझ्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या मोडून मी ती सायकल घेतली. आई दोन दिवस भांडी आपटत होती. सायकल पुरुषी, आडव्या दांडीची. म्हणून नऊवारीचा कासोटा घालून मी शिकले. परशराम मागून कॅरिअर धरून पळायचा. "सोडू?" "नको." "सोडतो." "नको म्हटलं ना—" आणि तो कधी सोडून द्यायचा ते मला कळायचंच नाही. एकदा दगडावर आपटले. गुडघा फुटला, सायकलीच्या पोटाचा रंग उडाला. त्याने आपल्या टोपीने माझ्या तळहाताची माती पुसली.

मग आली खंडेनवमी. हत्यारं, अवजारं धुऊन पूजेला मांडायचा दिवस. मी माझी कात्री, चिमटे उकळून ठेवले आणि सायकल धुवायला घेतली. उलटी केली, चिंच आणि राखेने पोट घासलं. आपटून रंग उडाला होता तिथला चिखल निघाला, आणि खाली दिसले... तीन ठिपके.

मी तशीच, राखेच्या हातांनी, सायकल दामटत अनगोळच्या वाटेला लागले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं आहे असं मी स्वतःला सांगत होते.

शेडमध्ये पाटावर हातोड्या, नटबोल्टचे पाने, छिन्नी ओळीने मांडलेली, प्रत्येकावर कुंकू आणि झेंडूचं फूल. परशराम उदबत्ती लावत होता. मी सायकल त्याच्यासमोर उलटी केली.

"ही सही कोणाची?"

उदबत्ती त्याच्या हातात तशीच राहिली.

"माझी."

"विलायतेला कधी गेला होतात?"

तो खाली बसला. "अकरा सांगाडं केलं जोतिबाशेठसाठी, रंगाआधी नंबर घालून. लष्कराच्या मोडीतल्या नळ्या हुत्या, चांगल्या. म्हणाला, बेळगावची सायकल म्हणून इकू. मला लई आनंद झालता. आणि येक दिवस बाजारात बघतोय तर माझ्या सांगाड्यावर हंस. त्यो कुठल्या तरी मेलेल्या सायकलीचा काढलेला. ते बिल्ले सरल्यावर त्यानं पत्र्याचं चालू केलं. मी मातूर पयला हंस दिसला त्या दिवशीच काम सोडलं. तवापास्नं हिंडतोय. सहा घावल्या, मालकास्नी सांगून हंस काढलं. तुमची सातवी."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"खऱ्या बघितल्या की आपण. सगळ्या आतनं गंजलेल्या. ही मोडणार न्हाय, हे मला ठावं हुतं."

"ते मी विचारलंच नाही. सांगितलं का नाहीत?"

तो झेंडूची पाकळी चुरगाळत राहिला.

"सांगितलं असतं तर... तुम्ही फिरून आला नसता."

माझं मन त्या वाक्यापाशी अडखळलं, हे कबूल करते. पण राग त्याहून मोठा होता. "जोतिबाशेठने मला पत्रा पितळ म्हणून दाखवला," मी म्हणाले. "तुम्ही काय वेगळं केलंत?"

"काय न्हाय," तो म्हणाला.

एखादी सबब सांगितली असती तर मी निघून गेले असते. त्याने सांगितली नाही.

"काढा तो हंस."

"परवा सायेब कंपनी बघणार. बिल्ला न्हाय तर जागा जाईल तुमची."

"जागा माझी आहे. खोटा हंस मिरवत लोकांची बाळंतपणं करायला मी जाणार नाही. काढा."

"आज?" त्याने पाटाकडे पाहिलं. खंडेनवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलत नाहीत. उचललं तर वर्षभर हाताला बरकत नाही म्हणतात. त्याच्या आजोबांपासून कुणी उचललं नव्हतं. मलाही ते ठाऊक होतं, आणि मी 'राहू दे' म्हणणारच होते.

त्याने हात जोडले, छिन्नीवरचं फूल बाजूला ठेवलं आणि छिन्नी उचलली. दोन ठोक्यांत हंस खाली पडला. हँडलाखाली दोन भोकं उरली. छिन्नीचं कुंकू त्याच्या बोटांना लागलं होतं. मला हा माणूस आवडतो, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि त्याचाही रागच आला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बोर्डाच्या कचेरीत गेले तर परशराम दाराशी उभा. धुतलेला सदरा, नवी टोपी. मी तशीच आत शिरले. तो मागून आला.

साहेबांनी चष्मा वर केला. "कंपनी कोणती?"

"बेळगावची," मी म्हणाले.

"बिल्ला?"

"होता, खोटा होता. काढून टाकला. सायकल करणारा हा उभा आहे."

"आणि रानात मोडली तर?"

"मोडणार न्हाय सायेब," परशराम म्हणाला.

"बोलणं सगळ्यांचंच विलायती असतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद बाजूला सारला. माझा कागद. निपाणीची वखार मला डोळ्यांसमोर दिसली.

मी सायकल अंगणात नेली. "मागे बसा," मी परशरामला म्हणाले.

"मी?"

"तुम्हीच. सांगाडा तुमचा आहे."

कारकून, शिपाई सगळे व्हरांड्यात आले. बाई पुढे आणि पुरुष कॅरिअरवर, हे बेळगावने आधी पाहिलं नसावं. कासोटा खोचला आणि मी पायडल मारलं. कचेरीभोवती तीन फेऱ्या. खडी, चर, आणि शेवटी जोत्याची पायरी. तिच्यावरून दोघांचं वजन घेऊन सायकल धाडकन खाली आली. कुठे कुरकुरसुद्धा नाही.

साहेब आत जाऊन खुर्चीत बसले. मग त्यांनी माझा कागद पुन्हा ओढला. कंपनीच्या रकान्यापाशी लेखणी क्षणभर थांबली, आणि त्यांनी लिहिलं : परशराम, अनगोळ.

परशरामने ते दोनदा वाचलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

परतताना हस्ताचा पाऊस भुरभुरत होता. तो पुन्हा मागेच बसला होता. मीच बसा म्हणाले होते.

"आक्का, रेल्वे फाटक आलं. उतरू?"

"आक्का म्हणू नका."

"मग... काय म्हणू?"

"माझा राग अजून गेलेला नाही."

"ठावं हाय."

"किती सायकली उरल्यात?"

"चार."

"त्या सापडेपर्यंत मी रागावणार. दर रविवारी, तुमच्याबरोबर हिंडून, रागावणार. मला तुम्ही आवडता, तरीही."

हँडल जरा डगमगलं. मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघंही पडलो असतो.

"आणि चारी घावल्यावर?" त्याने हळूच विचारलं.

"मग आमच्या आईला भेटायला यायचं."

"येताना काय आणू?"

"चिंच," मी म्हणाले. "ती आधी घासून बघेल."

फाटक मागे पडलं. तो उतरला नाही, आणि मी थांबलेही नाही.