साहेबाच्या टेबलावरची घंटी

यात तिखटमीठ लावलेलं काही नाही. माझ्या मावसबहिणीनं, विशाखानं, जसं सांगितलं तसंच सांगतोय.

गेला मार्च. छत्रपती संभाजीनगर, सिडकोतलं तिचं घर. रणरणती दुपार.

विशाखानं चांगली चाललेली वकिली सोडली आणि चित्रं काढायला बसली. तीही कसली? स्टेपलर, शिक्क्याची पेटी, पंचिंग मशीन! लोक हसायचे. ती म्हणायची, "माझं लहानपण यांच्यातच गेलं."

वडील मोतीराम, म्हणजे अण्णा, एका कचेरीत जन्मभर शिपाई. आता अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले.

त्या आठवड्यात तिनं शहागंजातून साहेबाच्या टेबलावर असते तसली पितळी घंटी आणली. आतला लोलक तुटलेला. चित्र मात्र झकास उतरलं.

ती ब्रश धूत होती...

टिंग.

घंटी तर कपाटात होती. आवाज चित्राकडून आला.

"आलो साहेब!"

ती आत धावली. अण्णा पलंगावर उठून बसले होते.

"अण्णा, कुणी नाही."

"एक ठोका झाला, पोरी. पानी मागतेत."

त्यांना निजवून ती परत आली. चित्रासमोर पाण्यानं भरलेला ग्लास होता.

घरात ती दोघंच.

तिनं चित्रावर काळा रंग फासला.

टिंग... टिंग.

अण्णा दारात उभे होते. आपल्या पायांवर. उजवी मूठ आवळलेली, खांदा ओझ्यानं झुकलेला.

"दोन ठोके. साहेब निघाले. ब्याग गाडीपर्यंत न्यावी लागंल."

तिनं त्यांना घट्ट मिठी मारली. कोर्टात भल्याभल्यांची बोलती बंद करणारी बाई, रिकाम्या खोलीवर ओरडली, "माझे अण्णा रिटायर झालेत! सोडा त्यांना!"

"हळू बोल, पोरी," अण्णा घाबरून कुजबुजले. "साहेब ऐकतेत."

तिच्या मिठीतच ते गेले. ती काहीच करू शकली नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल. पण ती मूठ शेवटपर्यंत कुणाला उघडता आली नाही.

विशाखानं चित्र जाळलं. घंटी हर्सूलच्या तलावात फेकली.

परवा दुपारी तिचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"पुन्हा वाजली रे."

"मग?"



"लई आवरलं रे स्वतःला. पण पाय उठलेच. ग्लास भरून ठेवून आले."