येतो व, फुले

मुलांनो, जरा डोळे मिटा. समोर एक दरी आहे असं समजा. इतकी खोल, की तळाशी चरणारी म्हैस वरून मुंगळ्याएवढी दिसावी. पावसाळ्याचे दिवस आहेत. दरीतून धुकं वर चढतं आहे, उतू जाणाऱ्या दुधासारखं, पण अजिबात आवाज न करता. तुमची आई खाली आहे. तिला वर यायचं आहे, आणि तिला स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. तुम्ही काय कराल?

हाक माराल. पंचफुला तेच करायची.

चिखलदऱ्याच्या पुढे, पठार जिथे एकाएकी संपतं, तिथे हाकदरी नावाची लहानशी वस्ती होती. पंचफुलाच्या बापाचा, किसनरावाचा आजा चांदूर बाजाराकडून म्हशी घेऊन उन्हाळ्यापुरता वर आला होता, तो पुन्हा उतरलाच नाही. गवत भरपूर होतं. फक्त चांगलं गवत दरीत होतं, आणि ते कापून आणायचं काम पंचफुलाच्या आईकडे, कौशल्येकडे होतं.

दरीच्या पलीकडे सरळ उभा काळा कडा होता. इकडून हाक मारली की भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखी ती परत यायची. यात जादू काही नव्हती, आणि वस्तीतल्या कुणाला तशी वाटतही नव्हती. त्यांनी तिचा उपयोग शोधला होता. काठावर एक जुना हिरडा होता. पायवाट बरोबर त्याच्या बुंध्याशी वर यायची. धुकं चढलं की घरच्या माणसानं हिरड्याखाली उभं राहून हाक मारायची. खालच्या माणसानं हाक तोंडासमोर ठेवायची आणि कड्यावरून आलेली साद पाठीमागे, की माणूस नीट घरी.

"माय वऽऽ!" फुला ओरडायची.

"माय वऽऽ," कडा म्हणायचा.

आणि मग खालून कौशल्येचा आवाज यायचा, "येतो व, फुलेऽ!"

हो, 'येतो'च. आपल्या वऱ्हाडातल्या बायका अशाच बोलतात. मी येतो, मी जातो, मी सैपाक करतो. हे लक्षात असू द्या.

एकसष्ट साली हाकदरीपर्यंत सडक झाली. आधी जीपा आल्या, मग अमरावतीहून, अकोल्याहून बसा भरून माणसं येऊ लागली. काठावर लोखंडी कठडा बसला. त्याच्या खाली तर नुसता ताशीव कडा होता. शेजारी पाटी लागली, 'प्रतिध्वनी पॉइंट'. वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या जिभेला तो शब्द काही वळेना. ते नुसतं पाइंट म्हणू लागले आणि बघता बघता हाकदरी हे नाव मागे पडलं.

किसनरावानं घरापुढेच हॉटेल टाकलं. हॉटेल म्हणजे एक भट्टी आणि दोन बाकडी. पहिल्या पैशांतून त्यानं घरावर टिनाचे पत्रे घातले. तेव्हा अकोल्याचे एक वकीलसाहेब हळहळले. "अहो, हे काय केलंत? इथलं काही बदलू नका. असंच मागासलेलं राहू द्या. ते बघायला तर आम्ही येतो." किसनरावानं पत्रे काढून पुन्हा गवत शाकारलं. पावसात घर गळू लागलं, पण लोक घराचे फोटो काढू लागले. कौशल्येला डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभं राहायला सांगायचे. ती एकदा उभी राहिली आणि मानेला रग लागल्यावर सरळ म्हणाली, "मले काम हाय जी." तेही लोकांना फार आवडलं.

फुलाला हाका मारायचं काम लागलं. पाहुणे आले की कठड्याशी उभं राहायचं आणि दरीला बोलतं करायचं.

एकदा एक गोरा साहेब आणि मडम आले. साहेबानं "ओहोहोहो!" असा लांब हेल काढला. दुभाष्यानं किसनरावाला सांगितलं, "साहेब म्हणतात, अशा जागा आता फक्त मागासलेल्या देशांतच उरल्यात. गेल्यावर ते सगळ्यांना सांगणार आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी फुला शेण भरत होती. सडकेवर चिटपाखरू नव्हतं. आणि दरीतून आवाज आला, "ओहोहोहो!"

"बाबा, कोन हाय थ्या बाजूले?"

"असन कोनी फिराले आलं," किसनराव भट्टी पेटवत म्हणाला.

फुलानं पलीकडे पाहिलं. कड्यावर माकडालाही उभं राहायला जागा नव्हती.

त्यानंतर आल्या प्रमोदिनीबाई. पुण्याच्या शाळेत शिकवायच्या आणि स्वभावानं फार प्रेमळ होत्या. फुलाच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "काय गं नाव तुझं?"

"पंचफुला."

"किती गोड! मार बरं एक हाक."

"येतो जी," म्हणत फुला कठड्याशी गेली आणि ओरडली, "मले आयकू येऊन राह्यलं काऽऽ?"

कठड्याशी सगळे खो-खो हसले. "मले काय गं?" बाई म्हणाल्या. "मला म्हणावं. मला. आणि 'येतो' नाही हं, मुली 'येते' म्हणतात."

त्या हसण्याखाली साद जवळजवळ बुडाली. पण ती आली होती, आणि फुलानं ती ऐकली होती.

"मला ऐकू येतंय काऽऽ?"

"बघ, आता कसं छान म्हणालीस!" बाईंनी तिच्या हातावर पेपरमिंट ठेवलं.

फुला काहीच म्हणाली नव्हती. तिनं वळून पाहिलं. दुधाची चरवी घेऊन कौशल्या दारात उभी होती, आणि दूध चरवीच्या काठावरून तिच्या पायावर सांडत होतं.

संध्याकाळी चुलीपाशी फुलानं विचारलं, "माय, तुवा आयकलं? दरी 'मला' मनली."

कौशल्येनं जाळ फुंकला. "रोज जे कानावर पडते थेच तोंडात येते. पोराईचं असंच असते."

"पन दरीले तोंड कोठी हाय, माय?"

कौशल्येनं लाकूड पुढे सारलं. "धुकं नसन तवा उगाच हाका नोको मारू, फुले. आपली हाक खर्चू नोको."

पण हाका थांबणार कशा? माणसं वाढली तसा चहा वाढला, चहासाठी दूध वाढलं, दुधासाठी किसनरावानं आणखी म्हशी आणल्या. आणि वरचं गवत तर माणसांच्या पायांखाली आणि जीपांच्या चाकांखाली गेलेलं. कौशल्या गवतासाठी दरीत खाली खाली जाऊ लागली. पूर्वी कधी गेली नव्हती इतकी खाली.

श्रावणातला रविवार होता. काठावर जत्रेसारखी गर्दी होती. विळा कमरेला खोचून कौशल्या निघाली. हिरड्यापाशी थांबून म्हणाली, "धुकं चढलं तं हाक मारजो. अथूनच मारजो, हिरड्याखालून. आन् फुले, माय मनजो. दुसरं काही मनू नोको."

दुपार कलली आणि धुकं आलं. आधी पलीकडचा कडा गेला, मग कठडा, मग हॉटेलची भट्टी नुसता तांबडा डाग होऊन राहिली. फुला धावत हिरड्याखाली गेली.

"माय वऽऽ!"

"वा! अगदी गावरान!" कठड्याकडून कुणीतरी ओरडलं. "चला रे, आपण पण!" आणि पन्नास गळ्यांतून एकदम आवाज उठला, "माय वऽऽ! माय वऽऽ!"

"नोका ओरडू जी!" फुला कळवळली. "मायी माय खाली हाय!"

"मायी माय! ऐकलंत का?" हशा पिकला. "मायी मायऽऽ!"

फुला हॉटेलाकडे पळाली. "बाबा, त्याईले चूप करा नं! मायले हाक समजाची नाई!"

किसनरावाच्या दोन्ही हातांत कप होते. "ओरडू दे व. गिऱ्हाईक हाय. तुयी माय काय आज पयल्यांदा येऊन राह्यली?"

ती परत हिरड्याखाली आली. खालून, खूप खालून, आवाज आला.

"येतो व, फुलेऽ... कोठून हाक मारून राह्यली व? मले समजून नाई राह्यलं..."

"अथी, माय! अथी!"

"अथी! अथी!" कठडा म्हणाला. "अथी," कडा म्हणाला. मग आवाज सगळीकडून आले. वरून, समोरून, पायांखालून. समोर काय आणि पाठीमागे काय, ते राहिलंच नाही.

आणि एकदम सगळं थांबलं. माणसंही गप्प झाली. का गप्प झाली, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग दरीतून आवाज आला. स्वच्छ, आणि अगदी जवळून.

"आले हं, बाळ."

कौशल्या वर आली. पण ती हिरड्यापाशी आली नाही. ती कठड्याकडून आली, जिथे खाली पायवाटच नव्हती. डोक्यावर गवताचा भारा होता. तिला धाप लागली नव्हती. धुक्यानं सगळ्यांचे केस आणि कपडे ओलेचिंब झाले होते. तिचं लुगडं कोरडं होतं.

"मला पाणी देतेस का गं?" ती फुलाला म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी म्हशीनं तो भारा हुंगला आणि तोंड फिरवलं.

"माय, तू अशी काहून बोलून राह्यली?" फुलानं विचारलं.

"अशी म्हणजे कशी, बाळ?"

"शिकली थे," किसनराव म्हणाला. "दिवसभर लोकाईत राह्यते. चांगलंच हाय. तू बी शीक."

त्याचं म्हणणं चूक होतं असंही नाही. माणसं शिकतातच. आणि आता सगळं सोपंही झालं होतं. कौशल्या पाहुण्यांशी गोड बोलायची. कुणी म्हटलं की भारा डोक्यावर घेऊन उभी राहायची. तिची मान कधी दुखायची नाही. एका संध्याकाळी शेवटची बस गेली, भट्टी विझली, काठ रिकामा झाला, आणि फुलानं पाहिलं तर ती कठड्याशी तशीच उभी होती. भारा डोक्यावर, फोटोसाठी आणलेलं हसू चेहऱ्यावर. समोर कुणीही नव्हतं.

"बस झालं आता," किसनरावानं सांगितलं, तेव्हा तिनं भारा खाली ठेवला.

त्या रात्री तो तिच्या बाजूला झोपला नाही. गोठ्यात जाऊन झोपला.

भादव्यातल्या एका पहाटे फुला हिरड्याखाली गेली होती. नुकतं उजाडत होतं. खालून, झऱ्याच्या आवाजाइतका बारीक आवाज आला.

"फुले... मले रस्ता दिसून नाई राह्यला व. हाक मार नं."

फुला धावली. तिनं बापाला हाताला धरून ओढत आणलं. दोघं हिरड्याखाली उभे राहिले. आवाज पुन्हा आला. "हाक मार नं, फुले..."

किसनरावानं बुंध्याला धरलं. मग म्हणाला, "साद हाय थे. जुनी. कड्यात अडकली असन."

"साद इतले दिवस अडकते, बाबा?"

त्यानं घराकडे पाहिलं. दारात ती उभी होती आणि कप फडक्यानं पुसून ओळीनं मांडत होती. किसनरावानं मान खाली घातली.

"आज बस लवकर येनार हाय," तो म्हणाला. "घरी चाल." आणि फुलाची वाट न पाहता निघून गेला.

फुला एकटी राहिली. धुकं वर येत होतं. हाक मारावी तर ती कड्यावर जाणार, आणि परत येईल तेव्हा ती आपली असणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. त्या हाकेच्या मागं माय कुठंही जाईल. म्हणजे हाक इथून मारून उपयोग नव्हता. ती खाली नेऊन, हातात ठेवावी तशी द्यायला हवी होती.

पण आपल्याजवळ ती आहे ना अजून?

"मले," ती पुटपुटली. नुसते ओठ हलले. ते हिरड्याच्या पानालाही ऐकू गेलं नसतं.

"मला," दरी हळूच म्हणाली.

घराकडून गोड आवाज आला, "बाळ, कुठे चाललीस? लवकर ये हं."

फुलानं दातावर दात आवळले. तो शब्द जिभेखाली धरला, पेपरमिंटसारखा, विरघळू न देता, आणि तोंड न उघडता ती पायवाट उतरू लागली.

वरती, कठड्यापाशी, फुलाच्याच आवाजात कुणीतरी उत्तर दिलं.

"आले हं, आई."

फुलानं मागं वळून पाहिलं नाही. तिनं दुसरं पाऊल खाली टाकलं.