सहीवर पडलेलं पाणी

"सून माहेरी निघाली, बाई. माझ्या घरवालीनं काही केलं न्हाई... म्हंजी, मला तरी तसं वाटते," आखाडा बाळापूरचे संपतराव म्हणाले.

हिंगोलीत खासगी तपास करणाऱ्या अनुसयाबाईंनी मदतनीस सोनाजीला गाडी काढायला सांगितली.

संपतरावांच्या बैठकीत टेबलावर सून प्रियंकाचा अंगणवाडीच्या जागेचा अर्ज होता. मुदत परवाची. सरपंचांची शाईची सही तीन गोल डागांत फिसकटली होती.

"रात्री जेवल्यावर कागद इथं ठेवला अन् कडी लावली. सकाळी हे!" प्रियंका म्हणाली. "आत्याबाईलाच माझी नोकरी नको हाय."

"बोलले मी तसं," सासू चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पण दिवेलागणीला त्या फळीवरच्या वेलाला तांब्याभर पाणी घातलं, तवापासून इकडं फिरकले न्हाई."

"पाणी? दुपारीच मी अर्धी बादली ओतली होती," मुलगा प्रभू म्हणाला.

प्रियंका चपापली. "कागद ठेवायच्या आधी मीबी घातलं."

सोनाजीनं छत चाचपलं. कोरडं. खिडकी बंद, पाऊस नाही. "मग सासूबाईच. की प्रभू? काही कळंना."

अनुसयाबाई टेबलाच्या वर भिंतीला ठोकलेल्या फळीकडे पाहत होत्या. तिथल्या कुंडीतून मनी प्लांटचा वेल खाली लोंबत होता. पानांच्या टोकांवर पांढुरके ठिपके होते.

"पोरी, एक दिवस थांब. आजही सगळ्यांनी कालच्यासारखंच पाणी घाला."

जेवणानंतर त्यांनी टेबलावर कोरा कागद ठेवला, कुलूप लावलं, किल्ली स्वतःकडे ठेवली.

उजाडताच दार उघडलं. कागदावर ओले डाग होते. प्रत्येक पानाच्या टोकाला एकेक थेंब लोंबत होता.

"कुणी आलं?" सोनाजी गोंधळला.

"कुणी नाही. वरून पाणी उडालं असतं तर पानभर दिसलं असतं. थेंब फक्त टोकांना आहेत. माती गच्च भिजली की मुळं रात्रभर पाणी वर ढकलतात. बंद खोलीतल्या दमट हवेत ते वाळत नाही, म्हणून पान ते टोकातून बाहेर सोडतं. त्यातला क्षार वाळून हे पांढरे ठिपके पडतात. तिघांनी एकमेकांना न विचारता एकाच कुंडीत पाणी ओतलं. सही तुम्ही सगळ्यांनीच पुसली."



"आत्याबाई, मी तुमाला काय काय बोलले..." प्रियंका सासूकडे वळली.

चंद्रभागाबाईंनी पायात चपला सरकवल्या. "चल, ऊठ. सरपंच शेताला जायच्या आत गाठू. दुसरी सही मी मागते."