खणातली पायडलं

प्रेम कुठेही जमतं म्हणतात. जमत असेल बापडं. पण एका हातात मोडकी सायकल, दुसऱ्या हाताला मुसमुसणारी भाची आणि चपलेचा तुटलेला अंगठा, अशा थाटात निघालेल्या बाईसमोर ते येऊन उभं राहील, असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. तिच्याही आलं नव्हतं. तिला फक्त सायकल दुरुस्त करून हवी होती.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर टांगलेली चाकं, तेलाचा वास, आणि मागे सिमेंटचं मोकळं अंगण, हलक्या उताराने थेट एका निळ्या फाटकापर्यंत गेलेलं. सायकलवाला घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसला होता. त्याने मान वर केली आणि हसला. ती माणसाचे दात आधी बघते. त्याला तिचा इलाज नाही. दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात आठ वर्षं काढली की नाक-डोळे मागाहूनच दिसतात. त्याच्या वरच्या ओळीतला एक दात शेजारच्यावर जरासा चढला होता. कवळीत असा दात कुणी बसवून मागत नाही. पण तोंडात बरा दिसत होता.

भाचीला सगळे मुंगी म्हणत, कारण ती कुठेही भिंतीच्या कडेकडेने चालायची. वय वर्षं आठ. मागच्या वर्षी ती सायकलवरून पडली, आधीच हलणारा एक दात त्यात पडला, आणि सायकल दात खाते यावर तिचा तेव्हापासून ठाम विश्वास बसला. पडला तर मी नवा करून देईन ग, असं मावशीने एकदा समजावून पाहिलं होतं. त्याने प्रकरण आणखीच चिघळलं.

आता गोम अशी होती की मुंगीची आई, म्हणजे हिची ताई, नव्या नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली होती आणि तीन आठवड्यांनी येऊन मुलीला घेऊन जाणार होती. तिथल्या शाळेत सगळी मुलं सायकलने येतात, असं तिने फोनवर सांगितलं. मुंगीने जरासुद्धा न अडखळता उत्तर दिलं, मला येते. फोन ठेवल्यावर मात्र ती अर्धा तास पलंगाखाली होती. आणि आज आधाराच्या दोन चाकांपैकी एक मोडलं होतं.

ते मोडकं चाक बसवून द्या म्हटल्यावर सायकलवाल्याने धडधाकट चाकही काढून टाकलं. मग पाना घेतला आणि दोन्ही पायडलं काढली. सीट इतकी खाली केली की मुंगीचे तळवे जमिनीला पुरते टेकले.

"अहो, मी दुरुस्तीला आणली होती," ती म्हणाली. "तुम्ही तर सोलायलाच घेतलीत."

"पायडल मारायला कुणालाही येतं. शिकायचा असतो तो तोल." एवढं तिला सांगून तो मुंगीसमोर उकिडवा बसला. "ही पायडलं माझ्या खणात राहतील. पाय न टेकता त्या निळ्या फाटकापर्यंत गेलीस, की त्याच दिवशी तुझी."

मुंगीने दातांचं काय, असं विचारलं. पाय जमिनीवर आहेत तोवर दात तोंडात, असं त्याने सांगितलं, आणि तिला ते पटलं.

मग रोजचंच झालं. पाचला कारखाना सुटायचा. हातावरचं कवळीच्या साच्यांचं प्लास्टर धुऊन ती मुंगीला घ्यायची आणि दोघी अंगणात हजर. मुंगी पायांनी जमीन ढकलत निघायची... चार हात... सहा हात... की पाय खाली. वारा सुटला की भिंतीवरची चाकं आपोआप हळूहळू फिरायची. मावशी उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसायची आणि बघायला भाचीला आली असूनही अधूनमधून दुसरीकडे बघायची. तिकडूनही तेच चाललेलं असायचं, त्यामुळे नजरेला नजर भिडायची आणि दोघंही एकदम मुंगीला शाबासकी द्यायचे. मुंगी त्या वेळी नुसती उभी असायची.

"तुम्हाला येते सायकल?" त्याने एकदा विचारलं.

"येते की." ती पटकन म्हणाली. खोटं बोलायचं हे त्या घरातलं वळणच असावं.

"मग कधी तरी चालवून दाखवा."

"मी काय जत्रेतली बाहुली आहे, चालवून दाखवायला?"

तो हसला. तो चढलेला दात पुन्हा दिसला, आणि तिने खोक्यावरची नसलेली धूळ झटकली.

मुंगी त्याला काका म्हणू लागली. जेमतेम तिशीच्या माणसाला ते लागलं. दादा म्हटलंस तरी चालेल, असं त्याने सुचवून पाहिलं, पण मुंगी बधली नाही. कारखान्यातल्या वयस्कर बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या प्लास्टर कालवत होत्या. मान वर न करता त्या एवढंच म्हणाल्या, की मावशीच्या नवऱ्याला काकाच म्हणतात. त्या दिवशी हिने एका कवळीला पुढचे दात सहाऐवजी सात बसवले.

दहाव्या दिवशी मुंगी पाय न टेकता निळ्या फाटकापर्यंत गेली. फाटकाला हात लावला, वळून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीतीखेरीज काही तरी होतं. सायकलवाल्याने टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, छान, पण अजून वळण घेता येत नाही. वळण जमलं तेव्हा ब्रेक राहिला होता. ब्रेक जमला तेव्हा एक हात सोडून दाखव म्हणाला. खण काही उघडला नाही.

आणि मावशी? तिला कळत नव्हतं असं नाही. न कळायला ती काय दुधखुळी होती? पण पायडलं लागली की सायकल घरी जाणार, आणि मग साडेपाचला या अंगणात यायचं ते कोणत्या तोंडाने? म्हणून ती गप्प राहिली. आठ दिवस दोन शहाणी माणसं एका खणाकडे पाठ करून बसली.

ताई रविवारी सकाळी येणार होती. शुक्रवारी घरी परतताना मुंगी पुन्हा भिंतीच्या कडेने चालत होती. बऱ्याच दिवसांनी.

"मावशी... मला येत नाही ना?"

"येतं की ग. रोज जातेस फाटकापर्यंत."

"मग काका पायडलं का देत नाहीत? मी पडणार, हे त्यांना माहीत आहे. तुलाही माहीत आहे. म्हणून तू मागत नाहीस." ती रडत नव्हती. हिशेब करून झाल्यासारखी बोलत होती. "आईला सांग, मी खोटं बोलले."

 मावशी तिथूनच मागे फिरली. सायकलवाला दुकानाचं दार ओढत होता.

"पायडलं द्या," ती म्हणाली.

तिचा चेहरा पाहून तो आत वळला. खण उघडून पायडलं तिच्या हातात दिली, पानाही दिला. लावताना डाव्याचं जरा, असं तो सांगायला लागला, पण ती ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हती. मी दिवसभर तांदळाएवढे दात बसवते, दोन पायडलं मला जड नाहीत, असं सुनावून ती सायकल घेऊन चालू पडली.

घरी उजवं पायडल खरंच बसलं. डावं आत जाईना. तिने जोर लावला, मग आणखी जोर लावला, शेवटी पान्यावर पाय देऊन उभी राहिली. ते अर्धं आत गेलं आणि तिरकं होऊन बसलं. तिथून ना पुढे, ना मागे. मुंगी बाजूला बसून सगळं पाहत होती. ती इतकंच म्हणाली, राहू दे मावशी.

शनिवारी सकाळी वरात पुन्हा दुकानात. सायकलवाल्याने वाकून पाहिलं. हसला असता तर तिने त्याच पान्याने त्याचा तो दात सरळ केला असता. पण तो हसला नाही.

"डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात," तो म्हणाला. "नाही तर चालवता चालवता ते सुटून येईल. मी सांगायला हवं होतं."

"तुम्ही सांगत होतात. मीच ऐकलं नाही."

आटे गेले होते, पायडल जिच्यात बसतं ती दांडीच बदलावी लागणार होती. जुन्या सामानात तेवढ्याच लांबीची एक सापडली. ती बसवायला त्याला पाऊण तास लागला. काम झाल्यावर त्याने हात पुसले आणि सायकल मुंगीकडे देण्याआधी तो तिच्यासमोर उकिडवा बसला, पहिल्या दिवशी बसला होता तसाच.

"मुंगी, तू फाटकापर्यंत गेलीस, त्याच दिवशी ही पायडलं तुझी झाली होती. मी बोललो होतो तसं. मी दिली नाहीत."

"का?"

त्याचे कान लाल झाले. "पायडलं दिली की तुझी मावशी यायची थांबेल... म्हणून. तुला येत होतं. चूक माझी होती."

 मावशीलाही आता खाली बसावंच लागलं. मुंगीच्या दुसऱ्या बाजूला.

"आणि मीही मागितली नाहीत," ती भाचीच्या वेणीकडे बघत म्हणाली. "त्याच कारणासाठी. माझंही चुकलं, बाळा."

मुंगीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मोठी माणसं एकमेकांना सांगायच्या गोष्टी तिच्या डोक्यावरून सांगत होती, आणि त्यांत तिला कवडीचाही रस नव्हता. तिला एकच विचारायचं होतं.

"म्हणजे मला आठ दिवसांपासून येतंय?"

दोघांनी मान डोलावली. तिने सायकल ओढून घेतली, पाय पायडलांवर ठेवले आणि निघाली. सुरुवातीला जराशी वाकडी... मग सरळ. फाटकाशी वळली, चढ चढून परत आली, आणि दोघांना तिथेच बसलेलं सोडून पुन्हा गेली. सतरा फेऱ्या झाल्या. दात सगळे जागच्या जागी होते.

रविवारी ताईने रस्त्यावर उभं राहून मुंगीला चालवताना पाहिलं आणि डोळे पुसले. दुपारी मुलगी आणि सायकल दोन्ही गाडीतून गेली. घर एकदम मोठं वाटायला लागलं.

सोमवारी पाचला कारखाना सुटला. तिने हातावरचं प्लास्टर धुतलं आणि पाय आपले नेहमीच्या रस्त्याला लागले. दारात उभं राहून काय बोलायचं हे ठरवायला तिला वाटभर वेळ होता, तरी ठरलं नाहीच.

"मला सायकल येत नाही," ती म्हणाली. "कधीच येत नव्हती."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग भिंतीशी उभी असलेली एक जुनी लेडीज सायकल पुढे ओढली, सीट खाली केली आणि पाना घेतला. दोन्ही पायडलं काढून कपड्याने पुसली, आणि खणाकडे न जाता तिच्यासमोर धरली.

"ही तुमच्याकडे ठेवा. कधी लावायची ते या वेळी तुम्ही सांगा."

पायडलं पर्समध्ये बाळगायला चांगलीच जड होती. कारखान्यात वयस्कर बाईंनी पर्स उचलून पाहिली, दात कधीपासून लोखंडाचे करायला लागलीस, असं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. मावशी रोज अंगणात यायची, जमीन ढकलायची, धडपडायची. आता खोक्यावर तो बसायचा. एकदा गुडघा फुटला. त्यावर पट्टी बांधताना त्याने गरजेपेक्षा बराच जास्त वेळ घेतला आणि तिने घेऊ दिला.

बाराव्या दिवशी पाय न टेकता ती निळ्या फाटकापर्यंत पोचली. फाटकाला हात लावून थोडा वेळ तशीच उभी राहिली. तो खोक्यावरून उठला होता, पण टाळ्या वाजवत नव्हता. ती सायकल ढकलत वर आली, पर्स उघडली आणि पायडलं त्याच्या हातात दिली.

"लावा," ती म्हणाली. "ही लागली तरी मी येणार आहे. रोज, साडेपाचला."

 तो सायकलजवळ वाकला. उजवं पायडल बसवलं. आणि वयाच्या सतराव्या वर्षापासून सायकली जोडत आलेल्या त्या माणसाने डावं पायडल हातात घेतलं आणि सरळ फिरवायला सुरुवात केली.

"उलटं," ती हळूच म्हणाली, आणि पाना धरलेल्या त्याच्या हातावर आपला हात ठेवून तिने तो उलटा फिरवला.