पाकोळीची शेवटची खोली

"मेलो! दोनशे चौदा!" टिंगू ओरडला.

"हळू ओरड. आई धावत येईल कोण मेलं म्हणून," ताई म्हणाली आणि तिनं वहीत आकडा लिहिला.

सुट्टीतला त्यांचा उद्योग हा असा होता. 'उडती किटली' नावाचा एक जुना खेळ होता. किटलीनं उड्या मारत, काटे नि खड्डे चुकवत खोलीच्या दारापर्यंत पोचायचं, एवढाच खेळ. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, पण चाहते घरी बसून त्याच्या नव्या नव्या खोल्या बनवत राहिले. एकीपेक्षा एक अवघड! बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या काकांनी या खोल्यांसाठी वेबसाइट काढली होती. तिच्यावर 'तीन परीक्षक' या नावानं परीक्षणं यायची. हे तीन परीक्षक म्हणजे तेरा वर्षांची ताई, तिचा दहा वर्षांचा भाऊ टिंगू आणि शेजारचा चष्मिस. ताई लिहायची, चष्मिस नियम वाचायचा आणि मरायचं काम टिंगूकडे.

यंदा मात्र टिंगूचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. कुंपणावरून पडला होता. एका हातानं पळायचं बटण दाबून ठेवायचं आणि दुसऱ्यानं उडी मारायची, हे आता त्याला जमत नव्हतं. गेला आठवडाभर तो नुसता चिडचिड करत होता.

"मग ही खोली कशी खेळतोयस रे?" चष्मिसनं विचारलं.

टिंगू थांबला. "अरेच्चा! ही जमतेय की! मरतोय, पण जमतेय!"

खोली पाकोळीनं बनवलेली होती. पाकोळी हे कुणाचं तरी टोपणनाव. तिघांनी पाकोळीच्या सहाही खोल्या एकामागून एक उघडून पाहिल्या. सगळ्या महाकठीण, पण दोन बटणं एकदम दाबायची वेळ एकाही खोलीत येत नव्हती.

"हे मुद्दाम केलंय," ताई म्हणाली.

"किंवा पाकोळीला एकच हात चालतो," टिंगू आपल्या प्लास्टरकडे बघत म्हणाला.

ताईचा चेहरा उतरला. चार महिन्यांपूर्वी तिनं सहाव्या खोलीचं परीक्षण लिहिलं होतं. 'ही उडी पाकोळीला स्वतःला तरी जमते का?' त्या वाक्यावर ती तेव्हा भारी खूश होती. पाकोळी प्रत्येक परीक्षणाला त्याच दिवशी उत्तर द्यायची. त्या परीक्षणाला उत्तर आलं नाही, आणि त्यानंतर पाकोळी कुठं दिसलीही नाही.

"आणि नियम काय आहे? बनवणाऱ्यानं खोली आधी स्वतः पार करायची, मगच ती सगळ्यांसाठी उघडते," चष्मिस पुटपुटला. "म्हणजे जमत होतीच."

"माहितेय मला! मीठ चोळू नकोस."

चष्मिसनं परीक्षकांची कच्ची यादी उघडली. बनवून झालेल्या पण बनवणाऱ्यानं अजून पार न केलेल्या खोल्या त्या यादीत असत. नव्वद दिवसांत पार झाली नाही तर खोली कायमची पुसली जाई. तो एकदम ताठ बसला.

"ताई, हे बघ! 'शेवटची खोली, पाकोळी. शिल्लक वेळ, आज संध्याकाळी सहापर्यंत.'"

दुकानात काका स्क्रू शोधत होते. टेबलावर, खाली, चहाच्या कपातसुद्धा.

"मुदत वाढवा? छे! ते सगळं आपोआप होतं. मी कधी काळी लावून ठेवलंय, आता कुठलं बटण ते मलाही आठवत नाही."

"मग पाकोळीला फोन करा!"

"कोण पाकोळी?"

एवढ्यात टिंगूनं ताईला कोपरानं ढोसलं. मागच्या फळीवर धुळीत एक विचित्र कंट्रोलर पडला होता. सगळी बटणं उजव्या बाजूला, आणि पाठीवर नखानं कोरल्यासारखी छोटीशी पाकोळी. त्याला बांधलेली चिठ्ठी चष्मिसनं लांबूनच वाचली. पावणेतीन महिन्यांपूर्वी आलेला, चार दिवसांत दुरुस्त झालेला.

"काका, तो कंट्रोलर अजून इथंच कसा?"

"न्यायला कुणी आलं नाही. मी फोन करणारच होतो, राहून गेलं."

"पत्ता सांगता?"

"लोकांचे पत्ते असे वाटत नसतात, बाळा."

ताईनं दारावरच्या पाटीकडे बोट केलं आणि मोठ्यानं वाचलं, "'आठ दिवसांत दुरुस्त करून घरपोच!' काका, दुकानात एवढी माणसं उभी आहेत. पावणेतीन महिने म्हणजे किती आठ दिवस झाले, सांगू का सगळ्यांना?"

रांगेतले दोघेतिघे वळून बघायला लागले. काकांनी घाईघाईनं कंट्रोलर पिशवीत कोंबला.

"जा गं बाई, तूच पोचव! चिठ्ठीवर आहे पत्ता. आणि सही घेऊन ये!"

बाहेर आल्यावर टिंगूला हसू आवरेना. ताई मात्र चिठ्ठी वाचता वाचता थांबली. "हे तर टेलरबाईंचं घर आहे. आपले शाळेचे कपडे शिवायच्या त्या. तीन वर्षांपूर्वी आजारी पडल्या आणि दुकान बंद झालं."

दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. हातात फडकं होतं. ताईनं पिशवी पुढं केली. "टेलरबाई आहेत का, आजोबा?"

आजोबांनी पिशवीत पाहिलं. त्यांनी कंट्रोलर बाहेर काढून फडक्यानं पुसला.

"झाला का दुरुस्त? रोज वाट बघायची ती," ते म्हणाले. "तिला जाऊन दोन महिने झाले."

टिंगू खेळात आज दोनशे चौदा वेळा मेला होता, पण त्याला हे काहीतरी निराळंच वाटलं. त्यानं ताईचा हात धरला.

आतल्या खोलीत शिवणयंत्रावर अभ्रा घातलेला होता आणि शेजारी कॉम्प्युटर गुणगुणत होता.

"चालूच ठेवलाय," आजोबा म्हणाले. "बंद केला तर परत लावता येईल की नाही, कोण जाणे. मला यातलं ओ की ठो कळत नाही. झटका आल्यावर तिचा डावा हात गेला. उजवा हात घेऊन नुसती बसून काय करू म्हणाली, आणि हे शिकली. ही शेवटची बनवली आणि कंट्रोलर बिघडला. म्हातारी बोटं कीबोर्डवर तेवढी भराभर चालत नाहीत म्हणे. मला म्हणाली होती, खेळातल्या दाराजवळ तुमच्यासाठी काहीतरी ठेवलंय, पार केली की दाखवते."

भिंतीवर एक छापील कागद टाचणीनं लावला होता. ताईनं तो ओळखला. तिच्याच त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती.

"हे मी लिहिलंय," ती कशीबशी म्हणाली. "त्यांना खूप वाईट वाटलं का हो?"

"वाटलं तर," आजोबा म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत, याचं ताईला नंतरही बरं वाटत राहिलं. "एक दिवस गप्प होती. मग म्हणाली, पोरं नीट खेळतात हो, आणि या नव्या खोलीतला पूल जरा जवळ आणला."

"आजोबा, आज सहाला ही खोली पुसली जाणार आहे!" चष्मिस न राहवून बोलला. "इथूनच, त्यांच्याच नावानं पार करायला हवी. पण तसं करणं म्हणजे फसवणूक. बनवणाऱ्यानंच पार करायची, असा नियम आहे."

"बनवणारी कुठनं आणायची रे?" ताई म्हणाली. "आपण खेळू. आणि कुणी खेळली ते परीक्षणात खरंखरं लिहू. मग काकांना काय करायचं ते करू देत."

आजोबांनी मान डोलावली. टिंगूनं उजव्या हातात कंट्रोलर घेतला. तो त्याच्या पंजात नेमका बसला.

तीन वाजले होते. पहिल्याच खड्ड्यात सतरा मरणं. सरकत्या फळ्यांवर साठ. "आता उडी! आता!" "ओरडू नकोस ना, चुकतं मग!" चष्मिस फळ्यांची लय मोजून सांगायला लागला, ताई वहीत काट्यांचा नकाशा काढायला लागली. साडेपाचला टिंगूचा अंगठा सुजला होता आणि डोळ्यांत पाणी होतं, पण तो उठला नाही. पावणेसहाला किटलीनं शेवटचा खड्डा ओलांडला.

काटे संपले. समोर एक साधी, शांत खोली आली. ठोकळे जोडून केलेली खिडकी, ठोकळ्यांचं शिवणयंत्र, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर उघडलेला भलामोठा पेपर, आणि पेपराखाली दोन पाय.

"हा मी," आजोबा म्हणाले. ते हसले आणि मग त्यांनी चष्मा काढला.

टिंगूनं हळूच उडी मारली. किटली दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली. खुर्ची तिच्याच मापाची होती.

आठ मिनिटं उरली होती. दार दोन पावलांवर होतं, पण टिंगूनं बटण दाबलं नाही.

"दारात गेली की काय होतं?" आजोबांनी विचारलं.

"खोली संपते," ताई म्हणाली. "पण मग ती राहते. कुणीही येऊन बघू शकतं. नाही गेली, तर सहाला सगळंच पुसलं जाईल."

"अजून थोडा वेळ बसू दे तिला."

सगळे बसून राहिले. चष्मिस घड्याळाकडे बघत होता. सहाला दोन मिनिटं असताना आजोबांनी हात पुढे केला. टिंगूनं कंट्रोलर त्यांच्या हातात दिला आणि बटण दाखवलं. किटली खुर्चीवरून उतरली. आजोबांनी तिला दारापर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी तिघं परत आजोबांकडे आले, तर दुरुस्तीवाले काका तिथं आधीच बसलेले. त्यांनी रात्री परीक्षण वाचलं होतं. चिठ्ठीवरची तारीखही त्यात ताईनं लिहिली होती.

"शाबास रे पोरांनो," ते खाली बघत म्हणाले. "जे मी करायचं ते तुम्ही केलंत. तो नव्वद दिवसांचा नियम काढून टाकलाय. बटण सापडलं शेवटी." मग ते आजोबांकडे वळले. "एक फोन करायचा होता मला. एकच."

"पोरांनी केलं ते मी विसरणार नाही," आजोबा एवढंच म्हणाले. काका आणखी थोडा वेळ बसले आणि निघून गेले.

मग आजोबांनी कंट्रोलर उचलला. "मला शिकवा. तिच्या पहिल्या खोलीपासून."

किटली पहिल्याच खड्ड्यात पडली. मग पुन्हा पडली. टिंगू हसला नाही. दहाव्यांदा पडल्यावर आजोबांनी हात मांडीवर टेकले.

"केवढं अवघड आहे हे! ही इथं बसून हे सगळं करत होती, आणि मी तिकडे पेपर वाचत बसलो होतो."

ताई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही बटण फार लवकर सोडताय. जरा दाबून धरा."

त्यांनी बटण दाबून धरलं.