हातचा एक

इडवल मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी स्टेशनरीच्या कपाटाशी बोलत होते.

"कारियो... कारियो..."

"कपाट काही उत्तर देतंय का?" मागून आवाज आला.

मी दचकले. हातातला पेनांचा डबा खाली, पेनं खोलीभर! दारात वेल्श भाषेचा नवा शिक्षक उभा. गालांत हसत तो पेनं गोळा करायला बसला, आणि मी त्याच्यापुढे भडाभडा सगळं ओकले.

"गुरुवारी मुख्याध्यापिका प्रॉसर बाई माझा तास बघणार आहेत. गणितात अधूनमधून वेल्श बोलायचं म्हणे! आजीला यायची, आईला अर्धीमुर्धी... माझ्यापर्यंत काही पोचलंच नाही. तास फसला तर जुलैत शाळेचं वर्ष संपताच माझी नोकरी गेलीच समजा."

"मग रोज जेवणाच्या सुट्टीत या. फी एक कप चहा." त्यानं शेवटचं पेन डब्यात टाकलं. "आणि जपून हं... हातचा घ्यायचा तो कारियो. कारियाद नव्हे!"

"तेवढं कळतं हो! लाडक्यांना म्हणायचं ते. बेकरीवाली तर अख्ख्या गावाला म्हणते."

"मलाही म्हणते," तो म्हणाला, आणि उगाचच माझे कान तापले.

चार दिवस चहा झाला. माझ्या चौथीच्या वर्गात सगळे उत्तर छोट्या पाटीवर लिहून एकदम वर धरायचे, म्हणजे बोलताना अडखळणाऱ्या ग्वेनलियनला तोंड उघडावं लागायचं नाही. कुणी चुकलं तर हसायचं नाही, असाही नियम होता. त्या नियमासाठी इडवलनं एक वेल्श शब्द सुचवला : एतो. म्हणजे पुन्हा. चुकणाऱ्याला सगळ्यांनी "एतो!" म्हणायचं, की त्यानं पुन्हा करून बघायचं.

शब्द पाठ झाले, पण धडधड काही जाईना. त्यातली निम्मी तासाची होती. उरलेली कशाची, ते मी स्वतःलाही विचारत नव्हते.

गुरुवारी प्रॉसर बाई वही उघडून मागे बसल्या. शेजारी, माझं वेल्श ऐकायला, इडवल.

"आठ आणि पाच तेरा. तीन खाली लिहिले, आणि..." मी फळ्यावरून नजर उचलली. तो माझ्याकडेच बघत होता. "...कारियाद!"

इडवल लालबुंद. संपलं सगळं, माझ्या मनात आलं. डोळे भरून आले.

तेवढ्यात एक पाटी वर आली. ग्वेनलियनची. तिच्यावर मोठ्या अक्षरांत : एतो. आणि मग ती पाटीमागून बोलली. "ए... एतो, मिस!"

"एतो!" सगळा वर्ग ओरडला.

"कारियो," मी डोळे पुसत म्हणाले. "हातचा एक."

तास संपल्यावर प्रॉसर बाई माझ्यापाशी आल्या. "ग्वेनलियनचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला," त्या म्हणाल्या. वही मिटली. "सप्टेंबरमध्येही हाच वर्ग घ्या. एतो."

त्या गेल्या, मुलंही मैदानावर पळाली. इडवल मात्र त्या इवल्याशा खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिला.

"बेकरीवाली मला रोज म्हणते," तो पुटपुटला, "पण तिचं मी कधी मनावर घेतलं नाही. तुझं... चुकूनच आलं ना?"

त्यानं ग्वेनलियनची पाटी उचलली आणि तोंडासमोर धरली. म्हणजे घाबरणारी मी एकटीच नव्हते तर!

मी पाटीवरचा शब्द वाचला. आणि पुन्हा म्हटलं, या वेळी अगदी न चुकता...

"कारियाद."