नळाची कोमट धार

अमेरिकेतल्या ॲन आर्बरला फेब्रुवारीत थंडी असायचीच, तिचं कौतुक कोण करतंय! पण २००७ साली वारा सुटला तो थांबायचं नाव घेईना. घरमालकाने फोन करून गुरुनाथला बजावलं होतं, की नुसत्या थंडीपेक्षा वारा वाईट. भिंतीतल्या भोकातून पाइपला लागला की पाणी गोठलंच म्हणून समज. सिंकखालचं कपाट उघडं ठेव, नळ बारीक सोडून ठेव, पाइपला काहीतरी गुंडाळ.

नागपूरच्या माणसाला नळ वाहता ठेवायचा म्हणजे जिवावर येतं. गुरुनाथने सवयीने तो घट्ट बंद केला आणि सकाळी थेंब येईना. कपाटात वाकून बघतो तर मागच्या भिंतीत भोक आणि त्यातून बोचरा वारा. गडबडीत हाताला लागली ती गोधडी त्याने पाइपला गुंडाळली. त्याच्या बायकोने, नीलांबरीने, हिमानीच्या वेळी पोटुशी असताना आपल्या जुन्या साड्यांची शिवलेली. नीलांबरी नोव्हेंबरात न्यूमोनियाने गेली. तेव्हापासून पाच वर्षांची हिमानी एक शब्द बोलली नव्हती. गुरुनाथने सगळे उपाय करून बघितले, पोर तोंड उघडेल तर शपथ.

दुपारी नळ आपोआप वाहायला लागला. नळ थंड पाण्याचा, पण धार कोमट. हिमानी खुर्चीवर चढली, धारेखाली हात धरला आणि म्हणाली, "बाबा, आई."

गुरुनाथला रडूच कोसळलं. त्यानेही हात धरला. पाणी बोटांवरून ओघळत नव्हतं, बोटांत बोटं गुंफत होतं.

मग काय, त्याने युनिव्हर्सिटीच्या लॅबला जाणं सोडलं, पोरीची शाळा बुडवली, आणि बापलेक दिवसभर सिंकपाशी. हिमानी शाळेतलं, खेळातलं सगळं नळाला सांगायची. खाली राहणारा अवधूत विचारायला आला, की अख्ख्या घराचं पाणी गेलंय, तुझ्याकडे येतंय का यार? गुरुनाथ धडधडीत खोटं बोलला.

पण प्लंबर आलाच. त्याने गोधडी सोडली, पाइप कापला. आत इथून तिथून बर्फ. यातून इतक्या दिवसांत थेंबसुद्धा येणं शक्य नाही, म्हणाला. नवा पाइप टाकला, भोक फोमने बुजवलं आणि निघून गेला.

पाणी आलं, गारढोण. हिमानीने हात धरला, लगेच काढून घेतला, आणि पुन्हा तिची वाचा बसली.

ते मुकं तोंड गुरुनाथला बघवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने स्क्रूड्रायव्हरने फोम उकरून काढला. पाइपचं काय व्हायचं ते होवो! स्वयंपाकघर दुसऱ्या मजल्यावर. भिंतीबाहेर उभं राहायला बोटभर जागा नाही. तरी त्याने भोकात हात घातला.

बाहेरून कोणीतरी तो धरला.

हात नीलांबरीचाच. पण गार. त्याने बोटं चोळून बघितली, ऊब येईना. कोपरापर्यंत त्याचाच हात बधिर होत गेला.

"नीलू, सोड आता," तो म्हणाला.

पकड आणखी घट्ट झाली.

"बाबा, सरका ना."

हिमानी बोलली होती. कपाटात शिरून तिने त्याच्या हाताशेजारून आपला चिमुकला हात भोकात सारला.

तत्क्षणी त्याचा हात मोकळा झाला.